आधी आईला बघा

चाळीत राहिलं की किस्से शोधावे लागत नाहीत, उघड्या दारातून आपणच आत येतात. तर आमच्या बुवापाड्यात एक होती शांता, एक तिचा कंपनीत जाणारा नवरा प्रकाश, एक सासू आणि एक पाळण्यातली पोर.

बाळंतपणानंतर शांता गप्प झाली. पोर रडली तरी भिंतीकडं बघत बसायची. कारण मात्र ज्याला त्याला माहीत! सासू म्हणे, आळस. शेजारची सिंधी जमना म्हणे, नजर. वांगणीहून रानभाजी विकायला येणारी ठाकरीण म्हणे, वारं लागलं. मी विचारलं, "जेवलीस का, म्हणून कुणी विचारलं तिला?" सगळ्या मान खाली घालून भाजी निवडायला लागल्या.

*

बाया पोर बघायला यायच्या, झबलं द्यायच्या, चहा पिऊन जायच्या, शांताकडं कुणी बघायचंसुद्धा नाही. माझा प्रश्न जमनाला लागला असावा, ती शांताच्या दारातच पापड लाटत बसायला लागली. तिनं कायदाच काढला, "पहले माँ को देखो, फिर बच्ची."

एक पाहुणी म्हणाली, आईत काय बघायचंय? जमनानं लाटणं उचललं. पाहुणीनं आईला अगदी नीट बघितलं!

*

मी आणि जमनानं शांताला पोरीसकट उल्हासनगरला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोरीचं वजन केलं, छान म्हणाले, पुढच्या पेशंटला हाक मारली. जमना उठेना. "पेशंट ये है, साब."

मग त्यांनी शांताला हळूच विचारलं, झोप लागते का? ती रडायलाच लागली. ते म्हणाले, हा आळस नाही, आजार आहे, आणि बरा होतो. गोळ्या दिल्या, एकटीला सोडू नका म्हणाले.

घरी सासू म्हणाली, "ताप नाही, खोकला नाही, कसला आजार?"

म्हटलं, "ताप असता तर निदान कपाळाला हात तरी लावला असतात."

*

आम्ही पाळ्या लावून तिच्याजवळ बसायचो. गोळ्या चालू होत्या, पण शांता बोलेना. शेवटी सासूनं ठरवलं, हिला माहेरी सोडायचं, पोर इथंच ठेवायची. प्रकाशनं आईचं ऐकून शांताची पेटी भरली.

निघायच्या सकाळी नळाला पाणी आलं. शांता हंडा घेऊन रांगेत उभी होती. जमनानं घाईत आपली बादली पुढं सारली.

"जमनामावशी, नंबर माझाय."

अख्खी रांग वळून बघायला लागली. जमना म्हणाली, "तो क्या?"

"तो क्या काय? उचला बादली. रोजचंच झालंय तुमचं."

शांतानं बादली बाजूला केली, हंडा लावला. जमना पदरानं डोळे पुसत म्हणत होती, "और बोल बेटी, और बोल."

तेवढ्यात प्रकाश पेटी घेऊन बाहेर आला, मागं सासू, कडेवर पोर.

शांता म्हणाली, "आई, तिला द्या इकडं, भूक लागलीय तिला." मग नवऱ्याला म्हणाली, "आणि तुम्ही ती पेटी आत ठेवा, दुसरा हंडा आणा. पाणी जाईल."

प्रकाशनं आईकडं बघितलंसुद्धा नाही. हंडा घेऊन आला.