भुशाच्या तोंडाशी

भर कामात मिलच्या शेठनं माझा दम्याचा पंप हिसकला अन् भुशाच्या ढिगात फेकला.

"तुमच्या लोकायच्या छातीले काय होते? हात चालव."

मी तोंड वासून श्वास ओढत होती. सगळ्या बाया पाहून राहिल्या होत्या. गुडघ्यावर बसून भुसा उपसला, पंप पदराले पुसला, तोंडाले लावला. अन् पुन्हा कामाले लागली. तेव्हा गप्प बसली, याची लाज मले अजून आहे.

आमच्या गावच्या राईस मिलमध्ये रीतच आहे. मशीनमधून भुसा जिथं भसाभस पडते, तिथं आमच्या विहाराकडच्या बाया. पोते शिवायले, काट्यावर वजन कराले बाकी गावातल्या. कोनी लिहून ठेवलं नाई, पन सकाळी आमचे पाय आपोआप तिकडेच वळत. माझी माय तिथंच खोकत खोकत म्हातारी झाली. तिच्या दम्याले मरेपर्यंत कोनी दमा म्हटलं नाई.

त्यानंतर दम वाढला, तं भंडाऱ्याच्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईनं मले समजावलं. श्वासाच्या नळ्या आतून सुजतात, धूळ गेली का आवळतात. रोजचा पंप सूज उतरवते. बरं वाटलं तरी तो सोडायचा नाई, घेतल्यावर चूळ भरायची. निळा पंप दम लागला तेव्हाचा. अन् मी काय करत होती? पंपाची लत लागते असं लोक म्हनत, म्हनून रोजचा पंप गाडग्यात दडवला होता अन् निळ्यावर दिवस काढत होती. वा रे माझं शहानपन!

मंग तिनं विचारलं, मिलमध्ये कुठं उभ्या राहता? मी सांगितलं. "भुशापाशी तुम्हीच काहून?" घरापर्यंत बसमध्ये तोच सवाल डोक्यात.

तिच्या सांगन्यावरून आठ दिवस घरी होती. शेठचा मानूस दारात आला. तू बिमार पडली तं पोरीले पाठव, म्हने. पोरगी बारावीत. ती नाकाले ओढनी बांधून निघालीच होती. माझं डोस्कं फिरलं. तिले म्हटलं, बस खाली. निळा पंप काळ्या धाग्यात ओवला, गळ्यात घातला, सगळ्याइले दिसंल असा. मीच मिलमध्ये गेली.

शेठले सांगितलं, भुशाच्या तोंडाले पत्र्याची खोली बांधा, धूळ आतच राहीन. अन् बाहेर झाडझूड राहीन ते सगळ्याच बाया पाळीपाळीनं करतीन. तो हसला.

"मंग आज तिथं कोन उभं राहीन?"

"तुम्ही राहा. तुमच्या छातीले काय होते?"

त्यानं मले तिथंच कामावरून काढलं. माझ्यामागं भुशापाशच्या चौघी बाहेर आल्या. आज चौथा दिवस आहे, भुशापाशी उभं राहाले कोनी नाई, म्हनून मशीन बंद आहे. चूल कशी पेटते ते आमचं आमाले माहीत. मी सकाळी रोजचा पंप घेते, चूळ भरते अन् मिलच्या फाटकासमोर जाऊन बसते. खोली बांधल्याबिगर, पाळी लावल्याबिगर, भुशापाशी आमच्यातली एकही जानार नाई.