दस्तगीरनं पाहिलेलं युद्ध

सकाळी सातला फोन वाजला. पडद्यावर दस्तगीरचं नाव दिसलं आणि मी नेहमीसारखंच म्हणालो, "बोल रे, आज कुणाला शिव्या घालायच्यात?" गेली पाच वर्षं हा आमचा शिरस्ताच होता. पेपर आला की तो थेट परदेशच्या बातम्यांचं पान उघडायचा, वाचून झालं की मला फोन लावायचा आणि जगातल्या कुठल्यातरी मोठ्या माणसाचा अस्सल कोल्हापुरीत उद्धार करायचा. त्या दिवशी पलीकडून त्याची मुलगी नाझनीन बोलली, "काका... अब्बा गेले." या गोष्टीला आता सात आठवडे झाले. पण माझं ते पहिलं वाक्य अजून कानातून जात नाही. त्या पोरीनं ते ऐकलं असेल, आणि ऐकूनही तिनं मला सावरून सांगितलं.

दस्तगीर आणि मी उचगावच्या शाळेत एका बाकावरचे. मी पुढं भूगोलाचा मास्तर झालो. तो आयटीआय करून टर्नर झाला आणि तेविसाव्या वर्षी कुवेतला गेला. तिथून वर्षा-दीड वर्षात परत आला, थोडे दिवस उद्यमनगरात लेथवर उभा राहिला आणि मग मस्कतला जो गेला तो अठ्ठावीस वर्षं तिकडंच राहिला. त्याची बायको, आमच्या भाभी, गेल्या तेव्हा तो परतला. कळंब्यात, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, त्यानं लहानसा फ्लॅट घेतला. आल्यावर पहिल्याच आठवड्यात मला म्हणाला होता, "मास्तर, सगळ्या सुट्ट्या जोडल्या तर मी आणि ती चार वर्षंबी एका घरात ऱ्हायलो न्हाय. लोक विचारत्यात, तिकडं काय कमावलंस? काय सांगू?"

परदेशाबद्दल त्याची मतं ठाम होती आणि ती कुणालाच सोयीची नव्हती. तिकडचं नुसतं गुणगान करणारा माणूस भेटला की तो तिथले दोष काढायचा, आणि कुणी तिकडच्या लोकांना नावं ठेवायला लागला की ताबडतोब त्यांची बाजू घ्यायचा. "आमचा ओमानी फोरमन माझ्या तापात दोन दिवस उशाशी बसून होता. तुमचा शेजारी बसंल का?" असं थेट विचारायचा. बाहेर जायला निघालेली पोरं सल्ल्याला यायची, तेव्हा तो आधी विचारायचा, "भाकरी करता येती का? कपडं धुता येत्यात? मग आदी ते शिका, मशीन नंतर." एकदा एकानं विचारलं, "पण काका, तिकडं राहायला कसं वाटतं?" दस्तगीर म्हणाला, "लांबच्या पावण्याच्या लग्नाला गेल्यागत वाटतंय. जेवायला झकास मिळतंय, मान मिळतोय... पण दमलास तर लवंडायचं कुठं, ते कळत न्हाय."

जगाच्या राजकारणावर तो बोलायचा ते पुस्तकातलं नसायचं. तिकडचं एखादं बंदर बंद झालं की इथल्या फाउंड्रीतल्या पोराची पाळी कशी कमी होते, तेलवाहू जहाज अडलं की गावाकडची मोटारसायकल कशी दारात उभी राहते, हे तो असं सांगायचा की माझं पस्तीस वर्षांचं शिकवणं मला पुस्तकी वाटायला लागायचं. मी कधी नकाशातलं काही सांगू लागलो की म्हणायचा, "तू त्यावरनं बोट फिरवलंयस, लेका. मी पायानं गेलोय." त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

कळंबा तलावाच्या काठावर रोज सकाळी आम्ही सात-आठ निवृत्त मंडळी फिरून झाल्यावर कट्ट्यावर बसतो. मागच्या वर्षी सीमेवर तणाव होता त्या दिवसांतली गोष्ट. सगळ्यांच्या डोळ्यांत जागरण होतं आणि आवाज चढलेले होते. आमच्यातले एक गृहस्थ म्हणाले, "एकदा होऊनच जाऊ दे. घुसायचं आणि विषय संपवायचा." बाकीच्यांनी माना हलवल्या. मीही हलवली असेल. दस्तगीर म्हणाला, "तुमच्यापैकी कुणी युद्ध बघितलंय का? पयलं पाणी जातंय. बाकीचं सगळं मागनं." तो शांतपणे बोलला होता. त्यावर ते गृहस्थ हसत हसत म्हणाले, "तुला रे का त्यांचा एवढा पुळका?"

दस्तगीरनं त्या गृहस्थांकडं पाहिलंच नाही, माझ्याकडं पाहिलं. पन्नास वर्षांची ओळख होती आमची. आणि मी... मी खाली वाकलो आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला घेतली. नाडी सुटलेली नव्हती. मी वर बघेपर्यंत तो उठला होता. "चला, दूध आणायचंय," म्हणाला आणि गेला.

त्यानंतर बारा दिवस सातचा फोन आला नाही. मी लावायचा ठरवायचो आणि राहून जायचं. तेराव्या दिवशी त्याच्या घरी गेलो. दार त्यानंच उघडलं. "ये मास्तर," एवढंच म्हणाला आणि चहा टाकायला आत गेला. मी त्याच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेलो आणि ओट्याला टेकून उभा राहिलो. म्हणालो, "त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं." त्यानं पातेल्यावरची नजर काढली नाही. "नाडी नीट बांधलीस न्हवं?" म्हणाला आणि हसला. त्यानं मला दोन शिव्या घातल्या असत्या तर मी सुखानं घरी गेलो असतो.

चहा घेताना त्यानं मला कुवेतचं सांगितलं. नव्वद साली इराकनं कुवेत घेतलं तेव्हा हा तिथं होता, एवढंच आम्हा मित्रांना माहीत होतं. परत आल्यावर कुणी विचारलं की तो "विमानानं आणलं की सरकारनं" म्हणायचा आणि विषय तिथंच संपायचा.

वर्कशॉपचा मालक किल्ल्या टाकून रातोरात निघून गेला होता. एका खोलीत अकरा जण. त्यात आजऱ्याचा मारुती म्हणून एक वेल्डर होता, बावीस वर्षांचा. अख्ख्या खोलीत कोल्हापूर जिल्ह्यातले हे दोघंच, त्यामुळं ताट एक आणि चादर एक. महिनाभर त्यांनी खोलीतच काढला. नळ कोरडे पडले, दुकानं फुटली. मग जमेल त्या बसनं बसरा, बगदाद करत जॉर्डनच्या सीमेवर पोचले. तिथं वाळवंटात तंबू होते आणि हजारो माणसं. पाण्याचा टँकर दिवसातनं एकदा यायचा. तिसऱ्या दिवशी मारुतीला जुलाब लागले.

"पाणी दे म्हणाला," दस्तगीर सांगत होता. "डबा घेऊन रांगेत गेलो. चार तास हुबा हुतो, मास्तर. लोक ढकलत हुते, पण मी जागा सोडली न्हाय. डबा भरून आणला..." कप त्यानं खाली ठेवला. "पाणी घेऊन आलो आणि प्यायला माणूस न्हाय."

ते पाणी त्यानं तसंच मारुतीच्या ओठांवर घातलं. वाळवंटात सरण कुठून रचणार? आणखी चौघांच्या मदतीनं खड्डा खणला. "मला माझं येत हुतं ते म्हटलं. त्याच्यातलं काय म्हणत्यात ते ठावं नव्हतं. पण तो सारखा रवळनाथाची शपथ घ्यायचा, त्याच्या गावचा देव. मग रवळनाथाचं नाव घेतलं आणि माती लोटली."

मुंबईला विमान उतरलं तेव्हा तो उचगावला आलाच नाही. आधी आजऱ्याला गेला. मारुतीच्या आईनं त्याला एकच विचारलं, जाताना माझा पोरगा काय म्हणाला? "तुमचं नाव घेतलं म्हणून सांगितलं. खोटं, मास्तर. मी तिथं नव्हतोच की. मी रांगेत हुतो." तेव्हापासून दर सुट्टीत तो एक दिवस आजऱ्याला जायचा. ईद झाली की जायचा. ती माउली गेल्यावर मारुतीच्या धाकट्या बहिणीकडं जात राहिला. त्याच्या घरातही फक्त भाभींना ठाऊक होतं.

ऐकून मी पेटलो. म्हणालो, "उद्या कट्ट्यावर सगळ्यांना सांगतो. कळू दे त्यांना." तेव्हा मात्र तो चिडला. मी त्याला इतका चिडलेला कधी पाहिला नव्हता. "न्हाय सांगायचं! मी ह्या मातीतला हाय हे पटवायला मारुतीचा मुडदा दाखवू व्हय त्यांना? मेलेल्या माणसाला माझा साक्षीदार करू नकोस." मी गप्प बसलो. या खेपेला निदान त्याच्या सांगण्यावरून.

फोन पुन्हा सुरू झाले. पण तलावावर तो परत कधी आला नाही. खरं सांगायचं तर मी मात्र जात राहिलो. त्याच माणसांत बसत राहिलो. सवय, दुसरं काय... याचं समर्थन मला आजही सापडत नाही. पावसाळ्यानंतर त्याला धाप लागायला लागली. हृदयाची झडप निकामी झाली होती. ऑपरेशन करायचं ठरलं, पण तब्येत तेवढी टिकेना. शेवटच्या महिन्यात तो उशा लावून बसलेला असायचा. बोलताना दम लागायचा, तरी पेपर वाचून घ्यायचाच. कुठल्याशा देशातल्या निर्वासितांचा फोटो होता एक दिवस. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "टँकर बघ. एकच हाय." ईद झाली आणि त्याला जिना उतरवेना. तेव्हा त्यानं मला जवळ बोलावलं. "मी गेलो तर आजऱ्याला जाऊन सांगशील? फोनवर नगो. तोंडानं सांग."

दफनाच्या दिवशी कट्ट्यावरची सगळी मंडळी आली होती. ते गृहस्थही. माती देऊन झाल्यावर ते माझ्याजवळ आले, त्यांचे डोळे भरलेले होते. "मास्तर, माझं त्या दिवशी चुकलं हो." मी म्हणालो, "आता कुणाला सांगताय?" ते बिचारे मान खाली घालून निघून गेले. नंतर माझ्या लक्षात आलं, तो प्रश्न मी मलाच विचारायला हवा होता.

चार आठवड्यांपूर्वी मी एसटीनं आजऱ्याला गेलो. मारुतीच्या बहिणीचं नाव पार्वती. पन्नाशी ओलांडलेली बाई, घरीच काजू फोडण्याचं काम करते. दारात अनोळखी माणूस पाहून ती म्हणाली, "कोण पावणं?" मी दस्तगीरचा मित्र म्हटलं मात्र, तिनं पदराला हात पुसले आणि भिंतीला धरून खाली बसली. मला वेगळं काही सांगावंच लागलं नाही. "ईद झाली तरी दादा आला न्हाय, तवाच वळाकलं हुतं," ती म्हणाली.

मग डोळे पुसून ती बोलू लागली. "आमचा मारुती जाताना आईचं नाव घेऊन गेला असं दादा सांगायचा. आणि मी पाण्याच्या रांगेत हुतो, असंबी म्हणायचा. दोन्ही एका टायमाला कसं व्हईल, पावणं?" मग तिनंच पुढं सांगितलं, "आईला पयल्याच दिवशी कळलं हुतं. म्हणायची, माझ्यासाठी खोटं बोलतंय पोरगं, बोलू दे. त्याला काय विचारू नगा." तीस-पस्तीस वर्षं तो खोटं बोलल्याची टोचणी घेऊन तिथं जात होता, आणि त्या घरानं ते खोटं पहिल्या दिवशीच माफ केलं होतं. फक्त त्याला कळू दिलं नाही... मी हे सगळं लिहू का, असं तिला विचारलं. नाझनीनला आधीच विचारलं होतं. पार्वतीबाई म्हणाल्या, "लिवा की. आता आई आणि दादा, दोघंबी न्हाईत. कुणाला लपवायचं?"

चहा आणायला त्या आत गेल्या, तेव्हा मी बसायला जागा शोधू लागलो. हंगाम नुकताच सरला होता, खोलीभर काजूच्या बियांची पोती छताला लागली होती. पश्चिमेच्या खिडकीखाली तेवढी सतरंजीएवढी जागा मोकळी दिसली. मी तिकडं वळलो, तेवढ्यात दारातून आवाज आला, "तिथं नगं पावणं, हिकडं बसा." मग त्याच ओशाळल्या. म्हणाल्या, "दादा तिथं नमाज पढायचा. आई हुती तवापास्नं ती जागा मोकळी ठेवतोय." पडवीत चार पोती प्लास्टिक पांघरून पडली होती. आत जागा नाही म्हणून पोरगा रोज कटकट करतो, असं त्यांनी सांगितलं.

मी पोत्याला टेकून बसलो. खिडकीतून येणारं ऊन त्या रिकाम्या फरशीवर पडलं होतं. पार्वतीबाईंनी कप माझ्या हातात दिला, पदरानं खिडकीची कड पुसली आणि पडवीतल्या पोत्यांकडं बघत हलक्या आवाजात म्हणाल्या, "अजून एक ईद जाऊ दे. मग बघू."