मीच लिहिलेली एक ओळ

उज्जैनच्या एका रुग्णालयात मी मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. नव्याने आलेल्या नर्सेसना शिकवायचं कामही माझ्याकडेच. मुलाला कुणी मारल्याचा संशय असेल तर डॉक्टरांनी बघेपर्यंत अंग पुसायचं नाही. कपडे कागदी पिशवीत ठेवायचे. आणि घरचे सांगतील ते आपल्या तोंडचं म्हणून लिहायचं नाही. आधी 'पिता के अनुसार' लिहायचं, मग पुढचं.

एका सकाळी हे सगळं शिकवून मी वॉर्डात आलो आणि दुपारी चार वर्षांची एक मुलगी दाखल झाली. हात कोपराशी सुजलेला. तिच्या वडिलांनी माझ्या खिशावरची नावाची पट्टी वाचली.

"अहो काका, तुम्ही तर आपलेच! गणपतीत मंडळात पंगतीला वाढत होता ना?"

दिवसभर हिंदीत बोलणाऱ्या माणसाला अशी मराठी ऐकली की बरं वाटतं. मला फारच बरं वाटलं.

"जिन्यावरून पडली हो. धांदरट आहे नुसती," ते हसत म्हणाले. मीही हसलो. मुलगी माझ्या बुटांकडे बघत होती.

सकाळच्या वर्गातली एक शिकाऊ नर्स फाइल घेऊन शेजारी उभी होती. "सर, 'पिता के अनुसार' लिखूँ?"

"पहचान के हैं, बेटा. ला इधर."

मी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'सीढ़ियों से गिरी'. मग तिचं अंग पुसायला घेतलं. पाठीवर घरून लावलेला हळदीचा लेप होता. तो निघाला तेव्हा खाली पट्ट्याच्या रुंदीचे दोन वळ दिसले.

"पायऱ्यांच्या कडा लागल्या," वडील मागून म्हणाले.

मी मान डोलावली. फ्रॉक कचऱ्याच्या बादलीत टाकला. डॉक्टरांनी माझी ओळ वाचली, हाताला प्लास्टर घातलं आणि दुसऱ्या दिवशी मुलगी घरी गेली.

महिन्याभरात ती परत आली, या वेळी पाय मोडून. तेव्हा ड्यूटीवर तीच शिकाऊ नर्स होती. तिने काही पुसलं नाही, काही फेकलं नाही, वडिलांचं वाक्य वडिलांच्या नावावर लिहिलं आणि डॉक्टरांना सांगून पोलिसांना कळवायला लावलं. मुलगी मामाकडे गेली. मला ती नर्स एका शब्दानेही बोलली नाही. तिच्यासमोर जेवणाचा डबा उघडायचीही मला भीती वाटायची.

मग वडिलांनी मुलगी परत मिळावी म्हणून कोर्टात अर्ज केला. सोबत माझी ओळ जोडली. त्यांचं म्हणणं, रुग्णालयानेच लिहिलंय, पडली म्हणून.

साक्षीच्या दिवशी देवास गेटपासून कोर्टापर्यंत ऑटोत मी स्वतःशीच पुटपुटत होतो. ऑटोवाल्याने विचारलं, "भैया, तबीयत ठीक है?" मी हो म्हणालो. खोटं बोलायची मला तोवर सवय झाली होती.

वडिलांच्या वकिलांनी फाइल पुढे धरली. "ये आपने लिखा है?"

"जी. लेकिन मैंने गिरते नहीं देखा था. और पीठ पर निशान थे. वो मैंने देखे थे."

"तब क्यों नहीं लिखा?"

वडील समोरच बसले होते. मंडळातले दोघे त्यांच्या शेजारी. मी म्हणालो, "अपने आदमी लगे थे."

पुढच्या तारखेपर्यंत मुलगी मामाकडेच राहील, असं न्यायाधीशांनी सांगितलं. ती तारीख आता आली आहे. मला पुन्हा उभं करतील आणि विचारतील, खोटं तेव्हाचं की आत्ताचं? उत्तर माझ्याजवळ आहे. नोकरी जाईल, मंडळात कुणी बोलणार नाही, याचीही भीती वाटते. पण झोप उडते ती वेगळ्याच भीतीने. एकदा खोटं लिहिणाऱ्याचं खरं कोण मानणार? आणि ते मानलं नाही, तर मला काही होणार नाही. ती घरी जाईल.