भरल्या गाडीचा ठोका

चामटोलीपासून निम्मी वाट सरली तरी प्रमोदची चिडचिड थांबेना. त्याची व्हॅन बदलापूरच्या गॅरेजात पडून होती, म्हणून दीर-भावजय देवळाला पायीच निघाले होते.

"वहिनी, पुलाच्या चढाला लागली की इंजिन ठकठक ठोके देतं. आणि तो मिस्त्री बोनेटला कान लावून मलाच म्हणतो, 'आवाज किधर है? कान साफ कर!'"

संजीवनीने मनात चालवलेलं नामस्मरण त्याच्या बडबडीने सारखं तुटत होतं. पण तिला त्याची तळमळ कळत होती. त्याच्या व्हॅनने उल्हासनगरला जीन्स शिवायला जाणाऱ्या बायका त्या आवाजाला घाबरून रिक्षाने जाऊ लागल्या होत्या, आणि व्हॅनशिवाय त्याच्या घरात दुसरी कमाई नव्हती.

"मिस्त्री चालवून बघत नाही का?"

"बघतो की! एकटाच बसतो, सपाट रस्त्यावर फिरवून आणतो. रिकाम्या गाडीत आवाज येतच नाही."

"मग भरून दाखव ना त्याला."

प्रमोद जागीच थांबला.

"कोण बसणार आता? वहिनी, उद्या तुमचं भजनी मंडळ गॅरेजवर आणाल? नुसतं बसायचं. फक्त पुलावर भजन सुरू करू नका, मिस्त्रीला ठोके ऐकू आले पाहिजेत."