बिनऔषधाची वाइन

घाबरट माणसं एकत्र आली की किस्से फार साठतात. धीट माणसं काम उरकतात आणि घरी जातात, त्यांच्याकडे सांगायला काय असणार?

शिरूर अनंतपाळजवळच्या आमच्या वाइनच्या शेडमध्ये आम्ही चौघं. मालक अण्णा, बाग बघणारे विठ्ठलमामा, टाक्या धुणाऱ्या देगलूरच्या शिवम्मा आणि लॅब सांभाळणारी मी. चौघंही भित्रे! अण्णांची व्हाइट वाइन बिनऔषधाची. वेलीवर विषारी फवारा नाही, रसात विकतचं यीस्ट नाही आणि वाइन टिकवणारी गंधकाची पावडर तर नाहीच नाही! गेल्या वर्षी सगळ्या मालाचा सिरका झाला, म्हणजे सरळ व्हिनेगर. यंदा अण्णांनी जाहीर केलं, "आवंदा सिरका झाला तर बाग उपटून सोयाबीन पेरतो!"

*

रस आंबू लागला की आम्ही 'टाकी बोलायली', म्हणजे बोलतेय, असं म्हणतो. यंदा तीन दिवस टाकी गप्प. अण्णांना जेवण गोड लागेना. चौथ्या दिवशी मामांना आतून बुडबुड ऐकू आली. त्यांनी लगेच अण्णांना फोन लावला आणि ओरडले, "अण्णा, बोलायली! सकाळपासनं बोलायली!"

फोन अण्णांच्या बायकोनं, काकूंनी उचलला होता. "कोन बोलायली? दे तिला फोन!"

*

शेजारच्या शेतात फवारणीचा पंप सुरू झाला की आमची पळापळ. वाऱ्यानं औषध इकडे आलं तर संपलंच सगळं! एकदा मी आणि शिवम्मा बांधावर ताडपत्री ताणून उभ्या राहिलो. हात भरून आले, पण खाली घ्यायची हिंमत होईना.

शेजाऱ्यांनी पंप थांबवला. "काय वं, आत द्राक्षं आंघोळ करायलीत का?"

पण वारा फिरेपर्यंत थांबले बिचारे.

*

आंबत्या रसाची एक बाटली तपासणीसाठी मुखेडमार्गे नांदेडला नेत होते. एसटीत हे ऊन! माझी पिशवी फुसफुसायला लागली. बाटली फुटते की काय म्हणून मला घाम फुटला. शेजारच्या आजींनी पाय सीटवर घेतले. "पिशवीत साप हाय वं!" कंडक्टरनं घंटी मारून गाडी थांबवली.

"साप नाही हो आजी, वाइन आहे," मी कशीबशी म्हणाले.

"अगं बाई! मंग सापच बरा होता की!"

*

आणि मग ती सकाळ. शेडचं दार उघडलं आणि आंबट वास आला. ओळखीचा. गेल्या वर्षीचाच.

शिवम्मा "अय्यो" म्हणून खालीच बसल्या. मामा दारात जाऊन वेलींकडे बघत राहिले. प्रत्येक वेल त्यांच्या हातची. मला तर रडूच यायला लागलं. अण्णांनी ग्लासात थोडी काढली, हुंगली.

"आत्ताच सुरू झालंय," मी म्हणाले. "दुपारपर्यंत गंधकाची पावडर टाकली तर थांबेल. नंतर नाही."

"औषध? आन माझ्या शेडात?" अण्णांनी ग्लास खाली ठेवला. "आन आनायचं कुठून? लातूरला जाऊन येईस्तवर..."

मी मान खाली घालून लॅबचा ड्रॉवर उघडला आणि पावडरची पुडी टेबलावर ठेवली. "भीती वाटायची, अण्णा. म्हणून ठेवली होती."

मामांनी हळूच टोपी काढली. टोपीत पुडी!

शिवम्मांनी कमरेच्या पिशवीतून तिसरी काढली. "सरबतवाल्याकडची हाय. सरबत टिकवायला हीच घालतेत, मंग वाइनला बी चालंल म्हनलं."

अण्णा तिन्ही पुड्यांकडे बघतच राहिले. मग कडाडले, "म्हंजे तुमचा कुनाचाच भरोसा न्हवता माझ्या वाइनवर?"

आता नोकरीही जाणार आणि बागही, असंच वाटत होतं.

अण्णा धपकन खुर्चीत बसले. मग सदऱ्याच्या खिशात हात घालून त्यांनी चौथी पुडी काढली आणि आमच्या पुड्यांशेजारी ठेवली.

ती फोडलेली होती. चिमूटभर पावडर आधीच टाकीत गेली होती.