तीन अख्खे चिंचोके, एक फुटका

मी जन्माची बडबडी. शाळेत बाकावर उभी राहिले ती बोलण्यापायी, घरात धपाटे खाल्ले ते बोलण्यापायी, आणि पोटापाण्याला लागले तेही बोलायच्याच धंद्यात. होऊ घातलेल्या शिक्षकांना वर्गात कसं बोलावं ते शिकवते. आणि एका पोरीचं मी वाटोळं केलं, ते ती बोलली नाही म्हणून. सरळ सांगून टाकते. आडून सांगायची मला सवय नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी शिक्षणशास्त्रात एम.फिल. करत होते. आमच्या मार्गदर्शकांच्या डोक्यात आलं की तीन विषयांच्या तीन विद्यार्थ्यांनी मिळून एक काम करावं. अभियांत्रिकीचा एक मुलगा, मानसशास्त्राची एक मुलगी आणि शिक्षणशास्त्राची मी. खेड्यातली चौथीची मुलं मोजमापाचा विचार कसा करतात, हा विषय. त्यानं साधन बनवायचं, तिनं पद्धत ठरवायची, मी शाळा शोधायच्या आणि मुलांशी बोलायचं. ती दोघं मुंबईची. मी शहापूरजवळच्या सापगावची, शेतकऱ्याच्या घरातली. त्यामुळे मी 'स्थानिक'. हा शब्द त्या दोघांनी इतक्या आदरानं उच्चारला, की मी जरा फुगलेच.

त्या मुलानं दोन लाकडी पेट्या केल्या, एक लहान, एक मोठी. लहान पेटीनं मोठी पेटी भरायची आणि किती मापं लागली ते सांगायचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, तीन लागतील. पण लहान पेटीचा तळ त्यानं मुद्दाम जाड ठेवला होता, कोणाला दिसू नये असा. त्यामुळे लागायची साडेतीन. कुठल्या मुलाला हे फसवं माप ओळखता येतं, ते बघायचं होतं. मानसशास्त्रवालीचा नियम एकच: मनात जे जे येईल ते मोठ्यानं बोलायचं. बोलेल तेवढं आम्ही लिहून घेणार, त्यालाच गुण. बोललं नाही तर शून्य.

पेट्यांबरोबर त्यानं प्लास्टिकचे मणी आणले होते. मी ते बघून उसळलेच. म्हटलं, "अरे, ह्या मुलांनी असले मणी जन्मात पाहिले नसतील. त्यांच्या ओळखीचं काहीतरी द्या. भात द्या!" दोघंही खूश झाली. मार्गदर्शकांनी तर पाठ थोपटली. घरातल्या कणगीतला भात मी स्वतः डबाभर काढून दिला.

आधी आम्ही मुरबाडला, बाजारपेठेतल्या शाळेत गेलो. दुकानदारांची, नोकरदारांची मुलं. काय बोलली म्हणता! "आता मी हे ओततोय, आता अर्धं भरलं, आता माझा हात दुखतोय..." उत्तरं निम्म्यांची चुकली, पेटीचा तळ एकालाही कळला नाही, पण वह्या भरभरून लिहिल्या गेल्या. आम्ही भेळ खाऊन आनंदात परतलो.

मग शहापूर तालुक्यात, शेणव्याच्या पुढे डोंगराच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावरची शाळा. एकच खोली, एकच गुरुजी, चौथीपर्यंत वर्ग. पाचवीसाठी आश्रमशाळेत राहायला जावं लागायचं. अडचण अशी, की दिवाळी झाली की पाड्यावरची निम्मी घरं आटगावकडच्या वीटभट्ट्यांवर जायची आणि मुलं आईबापांबरोबर जायची. एकदा गेलेलं मूल शाळेत परत येणं कठीण. म्हणून गुरुजी दरसाल एकेका बापाच्या दारात जाऊन बसायचे, की एवढं पोर ठेवा, मी आश्रमशाळेत पोचवतो.

आम्हाला चहा देताना गुरुजी म्हणाले, "मी एकटा किती दारं पुजणार? दोन पोरं राखणं जमतं, फार तर. तुमच्या परीक्षेतून तेवढं सांगा, कोणत्या दोन पोरांसाठी बापाच्या पाया पडू." मग दारात बसलेल्या एका मुलीकडे मान वळवून हळूच म्हणाले, "माझ्या मते ही एक. बाप तयार नाही, पण मी खनपटीला बसलो तर ऐकेल. पण मी जुना माणूस. तुम्ही शिकलेले. तुम्ही बघा."

ती मुलगी दहाएक वर्षांची. तेल न लागलेले केस, फ्रॉकची पाठ उसवलेली, डोळे मात्र टक्क उघडे. तिची पाळी आली तेव्हा तिनं आधी लहान पेटीत हात घातला. आतून बोटानं काहीतरी चाचपलं. मग भात भरला, हाताच्या कडेनं सपाट केला, मोठ्या पेटीत ओतला. प्रत्येक मापाला ओच्यातून एक चिंचोका काढून बाजूला ठेवत होती. तोंडातून शब्द नाही.

"बोल ना बाळा, काय विचार करतेस?" मानसशास्त्रवाली म्हणाली.

पोरीनं ओठ घट्ट मिटले.

"अगं, बोललं तरच आम्हाला कळणार ना?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, हे मला आठवतंय. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच काहीतरी वावगं वागतेय. मोजणं संपवून तिनं चिमूटभर भात परत डब्यात टाकला, पेटीला हात लावून कपाळाला लावला आणि इकडेतिकडे काहीतरी शोधू लागली. फडकं शोधत होती, हे मला पुढे कळलं. तेवढ्यात ठरवून दिलेली वेळ संपली. अभियांत्रिकीवाल्यानं पेटी उचलली आणि भात सरकन डब्यात ओतून दिला. ती दचकली. मग खाली सांडलेले दाणे एकेक करून वेचू लागली.

जमिनीवर तीन अख्खे चिंचोके होते आणि एक फुटका, उभा चिरलेला. पुढच्या मुलाचं लक्ष जाऊ नये म्हणून मी ते हातानं झाडून टाकले. तो फुटका चिंचोका मला दिसला नव्हता का? दिसला. बरोबर उत्तर काय ते मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण वहीतला रकाना बोललेल्या शब्दांचा होता. तिच्या नावापुढे मी शून्य लिहिलं, आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

त्या पाड्यावर जवळजवळ सगळीच मुलं अशी गप्प गप्प राहिली. दोघं भाऊ तेवढे थोडंफार बोलले, त्यांचा बाप भट्टी सुरू होईपर्यंत कुठल्याशा दुकानात हमाली करायचा. ते दोघं यादीत वर आले. ती मुलगी शेवटून दुसरी. यादी मी सुवाच्य अक्षरात लिहून गुरुजींना दिली. त्यांनी ती पुष्कळ वेळ धरून ठेवली.

"ही शेवटून दुसरी?"

"गुरुजी, मायेनं नका बघू. आकडे बघा," मी म्हटलं.

असं म्हणाले मी. काय तो तोरा! आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्याच मुस्कटात मारावीशी वाटते.

प्रबंध झाला, पदवी मिळाली. बांधलेली प्रत घेऊन मी सापगावला गेले. आबा, माझे वडील, चौथी शिकलेले. ओटीवर बसून त्यांनी प्रबंधावरून हात फिरवला आणि म्हणाले, "काय लिवलंस, ते सांग तरी." मी सगळं सांगितलं. पेट्या, पाडा, नियम. आबा सुपारी कातरत ऐकत होते. अडकित्ता थांबला.

"भात दिलास मोजायला?"

"हो. माझीच कल्पना."

"आन मोजताना बोल म्हनालीस?"

"हो, तेच तर—"

"अगो येडे, भात मोजताना कोन बोलतं का?"

मला कळेचना. आबांनी सांगितलं, तेही रागावून नाही, आपलं नवल वाटून. खळ्यावर रास मोजताना मोजणाऱ्यानं तोंड मिटून ठेवायचं, बघणाऱ्यांनीही. बोललं की राशीची बरकत जाते. मोजून झालं की चिमूटभर परत राशीत टाकायचं, पाया पडायचं, वर फडकं झाकायचं. मग आकडा सांगायचा. मुलं चालायला लागली की शिकतात ते.

"मग मला कसं नाही माहीत?" मी ओरडलेच.

"तुला ठेवलीय कवा खळ्यावर? तुजं तोंड मिटतं का? मोजनी आली की तुजी आय तुला वडे करायला म्हनून घरात न्यायची. मंग तू गेलीस वसतिगृहात."

"आणि मुरबाडची मुलं बोलली ती?"

"त्यांच्या घरी तांदूळ येतो गो, पिशवीतून. त्यांना रास काय म्हाईत?"

मी प्रबंध उचलून आत नेऊन ठेवला. जेवले नाही. आईनं दोनदा हाक मारली, तेव्हा तिच्यावर खेकसले. राग तिच्यावर नव्हता. मणी चालले असते. वाळू चालली असती. जगात दुसरं काहीही दिलं असतं तर ती पोर बोलली असती. मीच भात दिला, मोठी स्थानिक म्हणून.

अभियांत्रिकीवाला तोवर परदेशी गेला होता. मानसशास्त्रवालीला फोन केला. ती वाईट नव्हती, पण म्हणाली, "अगं, आधी कळलं असतं तर मर्यादांच्या प्रकरणात एक परिच्छेद टाकला असता." मी फोन ठेवला.

दुसऱ्याच दिवशी पाड्यावर गेले. गुरुजी तिथेच होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ते मूळचे घाटावरचे. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं.

"त्या दोघा भावांच्या बापाकडे गेलो मी," ते म्हणाले. "ती दोघं आश्रमशाळेत आहेत, बरं चाललंय. तिच्या बापाकडे नाही गेलो. मला आतून वाटत होतं, पोरगी हुशार आहे. पण म्हटलं, शिकलेली माणसं सांगतायत, आपलंच चुकत असेल." मग म्हणाले, "भट्टीवर असते. विटा थापते."

त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी भट्टीवर गेले नाही. इतकी तोंडाळ मी, पण त्या पोरीसमोर उभी राहायची छाती झाली नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, करत करत वर्षं गेली.

मग सात-आठ वर्षांनी, पावसाळा संपून भात झोडून झाल्याचे दिवस. माझ्या विद्यार्थ्यांना सराव पाठासाठी मुरबाडच्या अंगाला एका वाडीवर घेऊन गेले होते. शाळेशेजारच्या अंगणात एक तरुण बाई भाताच्या राशीपाशी बसली होती, पाठीशी झोळीत मूल. भात मोजत होती. माझ्याबरोबरची पोरं कलकलाट करत होती. मी तोंडावर बोट ठेवून त्यांना गप्प केलं. त्यांना नवल वाटलं असेल, की ही बया आणि गप्प! मी कुंपणापाशी उभी राहिले. ती माप भरायची, हाताच्या कडेनं सपाट करायची, ओतायची. मोजणं संपलं. चिमूटभर भात राशीत परत टाकला, पाया पडली, वर जुनं लुगडं झाकलं. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि बघतच राहिली.

"तुमी त्या भाताच्या बाई ना? पेटीवाल्या?"

मी तिला ओळखलं नव्हतं. तिनं मला ओळखलं होतं. मी तिथल्या दगडावरच बसले.

"तू बोलली का नाहीस गं तेव्हा?" हे मला ठाऊक होतं, तरी तोंडातून तेच आलं.

"बोलनार व्हते," ती म्हणाली. "झाकायला फडकं बघत व्हते. तर त्या दादानं भात वतूनच टाकला. मोडलेल्या राशीचं काय सांगायचं?" ती सहज सांगत होती, तक्रार म्हणून नाही. "साडेतीन व्हतं. त्या ल्हान पेटीचं बूड जाड व्हतं, बाहीरनं कळत नव्हतं. मी आदीच हात घालून बघितला. तीन अख्खे ठेवले आन एक फोडून ठेवला. तुमी झाडून टाकलात."

मी मान खाली घातली.

"बरोबर व्हतं का, बाई?"

"बरोबर होतं," मी म्हटलं. "पेटीचा तळ फक्त तुला कळला. आमच्या सगळ्या मुलांत एकट्या तुला. चूक माझी झाली. माझी. तुला मी..." तिनं ते ऐकलंच नाही बहुतेक. तिचा चेहरा असा उजळला होता, की मला तिकडे बघवेना.

"मंग मी पास?"

"पास. सगळ्यांत पहिली."

ती उठून उभी राहिली, झोळीतलं मूल सावरलं आणि घराच्या दाराकडे तोंड करून तिनं सासूला मोठ्यानं हाक मारली. "आत्या! आत्या, ऐकलंत का? मी पास झालते, चौथीत! पहिली!"

आतून सासूचा आवाज आला, "बरं गो, बरं. ऊन उतरलं, भात आत घे आता."

"घेते," ती म्हणाली, आणि टोपली भरू लागली.