गळकी नळी

उन्हाळ्यात आमच्या बिबवेवाडीतल्या सोसायटीत रोज टँकर यायचा. भिंतीपलीकडच्या वस्तीत नळाला जेमतेम करंगळीएवढी धार. टँकरची नळी सांध्यावर गळायची आणि वस्तीतल्या बायका तिथे हंडे लावायच्या. कोणाचा हंडा आधी, हे माझे वडील गेटपाशी उभे राहून ठरवत. त्यांना घरचा रस्ता आठवेनासा झाला होता, पण हंड्यांचा क्रम कधी चुकला नाही. चालत कुठे भरकटले, तर यातलीच कोणी हाताला धरून आणून सोडायची.

मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये सुरक्षेचा विषय निघाला. आज पाणी नेतात, उद्या घरात शिरतील. झालं! नवी नळी आली, गणवेशातला वॉचमन आला, पाटी लागली: ‘पाण्यासाठी येथे थांबू नये. एकदाच सांगत आहोत.’ सगळ्यांना फार सुरक्षित वाटलं म्हणे. मला मात्र गेटमधून बाहेर पडताना उगाच मागे वळून बघावंसं वाटायचं. बायका आता रस्त्यापलीकडून नुसत्या बघत.

अन् एका दुपारी वडील नाहीसे झाले. बाग, देऊळ, पोलीस चौकी, दवाखाने, सगळं पालथं घातलं. रस्त्यावरचं प्रत्येक वाहन मला वैऱ्यासारखं दिसत होतं. संध्याकाळी, दुसरं काही सुचेना म्हणून, वस्तीत शिरलो. इतकी वर्षं शेजारी राहून पहिल्यांदाच.

एका दारात वडील तांब्या घेऊन बसले होते. मला रडूच कोसळलं. मग संताप आला.

“अहो, कळवायचं तरी!” मी घरातल्या बाईंवर ओरडलो. नळीपाशी नेहमी दिसायच्या त्या.

“दोनदा आले की गेटवर. आजोबा जागचे उठंनात, म्हणून सांगायलाच आले. तुमच्या वॉचमननं तोंड उघडू दिलं न्हाई. पाणी मिळणार नाही, म्हणत हाकललं.” त्यांनी रिकामे हात पुढे केले. “हातात हंडा बी नव्हता हो माझ्या.”

मी वडिलांचा हात धरला आणि म्हटलं, “चला, घरी जाऊ.”

त्यांनी हात सोडवून घेतला. मला ओळखलंच नव्हतं त्यांनी.

“मध्ये घुसायचं नाही,” ते म्हणाले. “या बाईंचा नंबर आधी आहे.”